रबिंग, टेफ्लॉन आणि ग्वाल्हेरची धूळ

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गाडी घेणं ही इथल्या मध्यमवर्गीय घरांची जुनी युक्ती. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात अनेक वर्षी राज्य सरकार वाहनांच्या रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देतं. त्यामुळे नवी गाडी घ्यायची तर लोक मेळ्याची वाट पाहतात. टॅक्समध्ये वाचलेले पैसे पुन्हा खर्चायला लावणारी यादी मात्र डिलिव्हरीच्या टेबलावरच तयार असते: टेफ्लॉन कोटिंग, अंडरकोटिंग, सीट कव्हर. गाडी शहराच्या लश्कर भागातल्या मराठी घरी पोचली की सल्ल्यांची भर पडते ती वेगळीच. काका म्हणतात, दर महिन्याला पॉलिश मारत जा. शेजारचे म्हणतात, रॉकेलचा बोळा फिरवा, आरशासारखी दिसेल. अडचण अशी की यातले बरेच सल्ले एके काळी बरोबर होते.

काकांची पिढी हे सगळं शिकली ती ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीवर. त्या गाड्यांचा रंग एकथरी असे, वर पारदर्शक थर नसे. उन्हापावसाने तो खडूसारखा पांढरट पडे. कंपाउंड लावून घासलं की वरचा मेलेला भाग निघून जाई, खालचा ताजा रंग दिसू लागे, आणि हातातलं फडकं गाडीच्या रंगाचं होई. डोळ्यांसमोर गाडी नवी होत असे. मग पॉलिशने रंगाला पोषण मिळतं, असं कोणाला वाटलं तर नवल नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर मोजत गेलं तर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट असतो. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. आपल्याला दिसते ती सगळी चमक या थराची. उन्हातली अतिनील किरणं शोषून खालचा रंग वाचवणारी द्रव्यंही याच थरात असतात. हा थर वाढत नाही. जे घासून गेलं ते गेलं.

पॉलिश आणि वॅक्स ही दोन वेगळी, खरं तर उलट दिशेची कामं आहेत, हे इथे ध्यानात घ्यावं लागतं. पितळेचं पातेलं चिंचेने घासणं निराळं आणि त्याला कल्हई लावणं निराळं. पॉलिशमध्ये बारीक घर्षक कण असतात. ते ओरखड्याच्या काठांना झिजवून पृष्ठभाग सपाट करतात, आणि सपाट पृष्ठभागावरून प्रकाश नीट परततो. वॅक्स काही काढत नाही, वर एक अतिपातळ पडदा चढवतं. बारीक पॉलिशच्या एका हाताने मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी थर जातो. जाड कंपाउंड आणि मशीन असेल तर काही मायक्रॉन जातात. सर्व्हिसिंगच्या बिलात ‘रबिंग-पॉलिश’ म्हणून जी ओळ असते ती दरवर्षी लावून घेणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटून पांढरे नकाशे उमटलेल्या गाड्या दिसतात. ऊन आणि अति घासणं यांचं ते काम. त्यावर कोणतंही पॉलिश चालत नाही, पॅनल नव्याने रंगवावंच लागतं.

एक अपवाद सांगितला पाहिजे. काही साध्या, चकाकी नसलेल्या रंगांवर आजही एकथरी काम असू शकतं. आडोशाच्या जागी थोडं पॉलिश घेऊन घासून पाहावं. फडक्याला रंग लागला तर गाडी एकथरी. पांढऱ्या गाडीसाठी फडकं काळं घ्या, एवढंच.

आता ओरखड्यांकडे. ‘रस्त्यावर चालवली की ओरखडे पडणारच,’ असं म्हटलं जातं. दगड उडून टवका जातो, गुरं घासतात, मोटरसायकलचं हँडल लागतं, हे खरंच. पण उन्हात गाडी उभी केल्यावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेषा दिसतात, त्या रस्त्याने दिलेल्या नसतात. त्या रोज सकाळी आपणच दिलेल्या असतात.

ग्वाल्हेरची धूळ साधी नाही. किल्ल्याची टेकडी, जुन्या हवेल्यांचे चिरे, घराघरांच्या फरश्या, सगळा वाळूचा दगड. त्याचा चुरा म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, आणि खनिजांच्या मोह्‌स काठिण्य मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतं. लोखंडी खिळ्याने ओरखडा पडत नाही असा हा कण, आणि त्याच्यासमोर क्लिअर कोट म्हणजे मऊ प्लास्टिक. मे महिन्यात आंधी येऊन गेली की गाडीवर ही पूड बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसते. मग कोरडं फडकं घेऊन, बऱ्याचदा जुन्या बनियनचं, गोल गोल फिरवून ती ‘पुसली’ जाते. हे पुसणं नव्हे, हे सॅंडपेपरचं काम आहे. लांब दांड्याच्या डस्टरनेही तेच होतं, फक्त वाकावं लागत नाही. मला विचाराल तर चार दिवस धुळीची गाडी चालवलेली परवडली, रोजची कोरडी पुसणी नको.

‘म्हणून तर आम्ही कव्हर घालतो,’ असं यावर उत्तर येतं. बंद गॅरेजमध्ये, धुतलेल्या गाडीवर कव्हर चांगलंच. पण उघड्यावर, धुळीच्या गाडीवर चढवलेलं कव्हर वाऱ्याने फडफडत राहतं आणि कव्हर व रंग यांच्यामध्ये तीच पूड रात्रभर घासली जाते. पावसाळ्यात ओल कोंडते ती आणखी वेगळी.

पाण्याचंही तसंच. नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं ते त्या मानाने बरं, पण ज्या कॉलन्यांत बोअरवर भागतं तिथे गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की पांढरे गोल डाग राहतात. पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करून रंग जाळतो, ही समजूत सर्रास आहे. प्रत्यक्षात पाणी उडून जातं आणि त्यातला चुना मागे राहतो. ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून ओल्या फडक्याने निघतो, लगेच धुऊन टाकायचं. महिनोन्‌महिने भाजलेला डाग क्लिअर कोटमध्ये रुततो आणि मग पॉलिशशिवाय इलाज नसतो. पक्ष्यांच्या विष्ठेला तर दुपारसुद्धा उलटू देऊ नये. तीवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवावं आणि उचलून घ्यावं, खरवडू नये.

टेफ्लॉन हे नाव तव्यामुळे घराघरांत पोचलं आणि त्याच ओळखीवर ते गाडीवर विकलं जातं. तव्याचं रसायन म्हणजे पीटीएफई. ते सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि तव्यावर पक्कं बसवण्यासाठी त्याहून जास्त तापवावं लागतं. कारखान्यात गाडीचा रंग भाजतात तो साधारण १४० अंशांवर. म्हणजे तव्यासारखं टेफ्लॉन गाडीवर बसवायचं तर आधी रंग जळून जाईल. शोरूममध्ये लावतात त्याने काही महिने पाणी घसरतं आणि गाडी तुकतुकीत दिसते, पण ते काम त्यातल्या वॅक्सचं किंवा सीलंटचं असतं. तेच काम बाजारातला एक डबा आणि रविवारची सकाळ यांत होतं.

सिरॅमिक कोटिंगचं प्रकरण इतकं पोकळ नाही. सिलिकावर आधारलेला हा थर खरोखर रंगाला चिकटतो, उन्हात टिकतो, धूळ व विष्ठा सहज सुटू देतो. पण जाहिरातीतलं ‘९ एच’ ऐकून लोक त्याला दगडासारखा कठीण समजतात. तो आकडा पेन्सिलींच्या कसोटीतला आहे. एच वर्गातली सगळ्यात कठीण पेन्सिल ओढूनही रेघ उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या मापाशी त्याचा संबंध नाही. मायक्रॉन-दोन मायक्रॉनच्या त्या थरावर वाळूच्या दगडाची पूड आणि कोरडा बनियन यांचा परिणाम व्हायचा तो होतोच.

घरी करायचं तर काय करावं? गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताच्या पालथ्या बाजूला गार लागला पाहिजे. मेमध्ये म्हणजे सूर्य वर येण्याआधी. आधी वरून खाली नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. शाम्पूची एक बादली, फडकं खंगाळायला दुसरी. भांड्यांच्या साबणाने रंग खराब होत नाही, पण लावलेलं वॅक्स उतरतं. कपड्यांच्या पावडरीचे न विरघळलेले दाणे मात्र ओरखडतात. मायक्रोफायबरचं फडकं जमिनीवर पडलं तर ते चाकांसाठी, रंगाला पुन्हा लावायचं नाही. रॉकेल मुळीच नको. त्याची चमक तेलकट ओलीची असते, त्यावर धूळ दुप्पट बसते आणि असलेलं वॅक्सही विरघळतं.

धुऊन वाळल्यावर हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून बॉनेटवरून फिरवा. खरखर लागली तर चिकटलेले कण आहेत, ते क्ले बारने, म्हणजे मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलाव्यावर काढायचे. ओरखडा नखाला अडकत असेल तर तो पॉलिशने जाणार नाही, नाद सोडावा. ओरखड्यावर काहीजण चोळतात ती टूथपेस्टही मुळात सौम्य घर्षकच, म्हणजे तीही थर झिजवतेच, वर कणांचा आकार गाडीसाठी ठरवलेला नसतो. नुसत्या हाताने बारीक पॉलिश केलं तर मोठं नुकसान करणं अवघड आहे, धोका मशीनचा. एकाच अक्षावर गरगर फिरणारं बफर कडांवर आणि घड्यांवर, जिथे रंग आधीच पातळ असतो, क्षणात क्लिअर कोट जाळतं. नवख्याने ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं आणि कडांना चिकटपट्टी लावावी. प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्याही झाकाव्यात, त्यांवर वाळलेलं वॅक्स पांढरं राहतं.

वॅक्स जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायला त्रास तेवढा होतो. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा शुद्ध असेल तर ८२ ते ८६ अंशांना वितळतं. डब्यात त्याच्यासोबत मऊ मेणं आणि तेलंही असतात, आणि ग्वाल्हेरच्या जूनमध्ये काळं बॉनेट सहज सत्तरीपर्यंत जातं. म्हणून उन्हाळ्यासाठी सिंथेटिक सीलंट बरं, आणि कार्नोबा दिवाळीनंतरच्या थंडीत. मार्चमध्ये एक हात रंगपंचमीच्या आधी घातला तर दुहेरी फायदा. गुलाल धुऊन सुटतो. तो झटकून मात्र काढू नये, स्वस्त रंगांत अभ्रक आणि खडे असतात.

दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या हळदीकुंकवाच्या स्वस्तिकाचंही तेच, ओलं करून सोडवा. हळदीचा पिवळा डाग उरला तर घासत बसू नका, त्यातलं रंगद्रव्य उन्हाला टिकत नाही आणि काही दिवसांत आपोआप फिकं पडतं.

नव्या गाडीवर वॅक्स लावायला महिनाभर थांबा, असंही सांगतात. कारखान्याचा रंग भट्टीतून पक्का होऊन आलेला असतो, पहिल्या दिवशी लावलं तरी चालतं. थांबायचं ते अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेल्या पॅनलवर. तिथे रंग कमी तापमानाला किंवा नुसत्या हवेत वाळवलेला असतो, आतली द्रावकं उडून जायला काही आठवडे लागतात. किती, ते रंगाऱ्याला विचारून घ्यावं, आणि तोवर ते पॅनल नुसत्या पाण्याने धुवावं.