दिवाणखान्यांतील तळें

एखाद्या कुटुंबाची रुचि ओळखावयाची असेल तर त्यांच्या घरांतील पुस्तकांचें कपाट पहावें, अंगणांतील झाडें पहावीं, आणि टांकींत मासे पाळलेले असतील तर ती टांकी अवश्य पहावी. एका घरीं कोनाड्यांत मावेल एवढ्या वाटोळ्या भांड्यांत एकच तांबडा मासा फिरत असतो. दुसऱ्या घरीं चार फुटी कांचेमागें निळे खडे, बुडालेलें जहाज, तोंड उघडून बुडबुडे सोडणारा शिंपला आणि सात जातींचे चौदा मासे अशी जत्रा भरलेली असते. तिसऱ्या घरीं नुसतें हिरवें गवत, तीन काळे दगड आणि निरखून पाहिल्याविना नजरेस येऊं नयेत असे चिमुकले मासे. तिन्ही यजमानांस विचारावें, तर तिघेही सांगतील, “आम्हांस असेंच आवडतें.”

आवडीला शास्त्र नाहीं हें खरें. परंतु पडद्याच्या रंगाची आवड आणि माशांच्या टांकीची आवड यांत एक मोठा भेद आहे. पडदा चुकला तर फार तर डोळ्यांस खुपतो. टांकी चुकली तर तींत राहणारा जीव मरतो, आणि घरांतील लहान मुलांच्या देखत मरतो. म्हणून या हौसेंत आपल्या आवडीचें राज्य कोठपर्यंत चालावें व तेथून पुढें कोणाचें ऐकावें, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही हौस या स्वरूपांत फार जुनी नाहीं. चीन देशांत सोनेरी माशांची पैदास सुंग राजांच्या काळापासून, म्हणजे सुमारें हजार वर्षें, होत आली आहे. पण ती तळ्यांत, हौदांत आणि मातीच्या भांड्यांत. मासा वरूनच पहावयाचा असे. कांचेच्या बाजूनें पाण्याचें अंतरंग न्याहाळण्याची हौस युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बळावली. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८५० च्या सुमारास बारा गॅलनांच्या पात्रांत दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति आणि कांहीं गोगलगायी एकत्र ठेवून असें दाखविलें कीं, वनस्पति माशांस प्राणवायु पुरविते, माशांची घाण वनस्पतीस खत होते आणि कुजलेलीं पानें गोगलगायी खाऊन टाकतात. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. पुढल्याच वर्षीं फिलिप गॉस यांचें ‘द ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें व तो शब्द रूढ झाला. आपल्याकडे मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि कांचेआडचा मासा कित्येक मराठी कुटुंबांनीं प्रथम तेथेंच पाहिला. वॉरिंग्टननें दाखविलेली गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. माशांची टांकी ही शोभेची पेटी नव्हे. तो एक संसार आहे, आणि त्यांतील प्रत्येकाचें दुसऱ्यावांचून अडतें.

टांकी केवढी असावी?

शतपथब्राह्मणांतील मनु आणि मत्स्य यांची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. हात धुण्यास आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक चिमुकला मासा आला आणि त्यानें रक्षणाची याचना केली. मनूनें त्यास प्रथम घटांत ठेविलें. घट अपुरा पडतांच खड्ड्यांत, आणि खड्डाही अपुरा पडला तेव्हां समुद्रांत नेऊन सोडिलें. या कथेचा तत्त्वार्थ कांहींही असो, मासे पाळणारास तिच्यांत एक अत्यंत व्यवहारी धडा आहे: मासा वाढतो, भांडें वाढत नाहीं. दुकानांत दीड इंचाचा दिसणारा साधा सोनेरी मासा नीट सांभाळल्यास फूटभर होऊं शकतो आणि दहा-पंधरा वर्षें जगतो. वाटोळ्या भांड्यांत तो ‘लहानच राहिला’ असें कौतुकानें सांगणारी मंडळी आम्हांस भेटतात; वस्तुतः तो लहान राहिलेला नसतो, खुंटलेला असतो. इटलींतील मोन्झा नगरपालिकेनें २००४ सालीं अशा वाटोळ्या भांड्यांत मासे ठेवण्यास मनाईच केली.

टांकी जितकी लहान तितकी सांभाळण्यास सोपी, ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती अगदीं उलटी आहे. थोडें पाणी दुपारीं चटकन तापतें व रात्रीं चटकन निवतें. चिमूटभर अन्न कुजलें असतां पांच लिटरांत जो अनर्थ होतो तो शंभर लिटरांत होत नाहीं. पाण्याचें मान काढणें कठीण नाहीं: लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत मोजून गुणावी आणि हजारानें भागावी, म्हणजे लिटर निघतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टांकींत सुमारें ५५ लिटर पाणी मावतें. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टांकींत सुमारें १८० लिटर. या दुसऱ्या टांकींतील नुसत्या पाण्याचें वजनच १८० किलो झालें; कांच, वाळू, दगड धरून तें दोनशेंच्या पुष्कळ वर जातें. तेव्हां ती फळीवर अगर जुन्या तिवईवर न ठेवतां भक्कम घडवंचीवर, भिंतीलगत आणि उन्हाची तिरीप येणार नाहीं अशा जागीं ठेवावी.

आकाराविषयीं एवढेंच कीं, प्राणवायु पाण्यांत शिरतो तो मुख्यतः पृष्ठभागांतून. म्हणून उंच व अरुंद टांकीपेक्षां लांब व बसकी टांकी बरी. आमची स्वतःची आवड विचाराल तर ती तीन फुटी टांकीची. तीहून मोठी टांकी घरावर राज्य करूं लागते, आणि दोन फुटांहून लहान टांकींत नवशिक्यास सावरण्यास अवसर मिळत नाहीं. ज्यांस जागाच कमी त्यांनीं वीस लिटरांच्या झांकणाच्या टांकींत एकच फायटर नर ठेवावा. हा सयाम देशचा मासा वरची हवाही घेऊं शकतो आणि त्यास एकान्तच मानवतो. दोन नर एकत्र घातले तर मात्र झुंज ठरलेली.

कशीही टांकी घेतली तरी पाणी भरल्या दिवशीं मासे आणूं नयेत. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया निघतो व तो विषारी असतो. कांहीं सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंही विषारीच. दुसरे जंतु त्याचें पुष्कळ निरुपद्रवी असें नायट्रेट करितात. हे जंतु गाळणींत व वाळूंत रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. लोणचें घातल्या दिवशीं पानांत वाढीत नाहींत, तसेंच हें आहे; पाणी मुरावें लागतें. नव्या टांकींतील मासे आठवड्याभरांत एकामागून एक कां गेले, याचें उत्तर बहुधा दृष्ट लागण्यांत नसून या घाईंत असतें.

सजावट

सजावटीचे जाणकारांत मुख्यतः तीन पंथ आहेत. डच पंथ हा बागवानाचा. त्यांत दगड-लाकूड जवळजवळ नाहीं. निरनिराळ्या पानांच्या व रंगांच्या वनस्पति पायऱ्यापायऱ्यांनीं लावून पाण्याखालीं फुलबागेसारखे वाफे करितात. दुसरा पंथ जपानचे ताकाशि अमानो यांचा. १९५४ सालीं जन्मलेल्या या छायाचित्रकारानें डोंगर, कुरण आणि अरण्य यांचें दर्शन टांकींत घडविलें. त्यांच्या हातची शेवटची मोठी कृति लिस्बन शहराच्या मत्स्यालयांत असून तिची लांबी ४० मीटर आहे. ती २०१५ सालीं पुरी झाली व त्याच वर्षीं ते वारले. या पंथांतील एका प्रकारांत दगड विषम संख्येनेंच मांडतात, त्यांत एक मुख्य आणि बाकीचे त्याचे आश्रित. तिसरा पंथ म्हणतो कीं, मासा ज्या ओढ्याचा, त्याच ओढ्याचा तुकडा मांडावा; मग तेथें पाचोळा व गढूळपणा असला तर तोही असो.

चौथा पंथ मुलांचा. त्यांत किल्ला असतो, जहाज असतें, पाणबुड्या असतो. जाणकार त्यास हसतात. आम्हांस तें हंसूं मान्य नाहीं. किल्ल्याचा दरवाजा माशांस लपण्यास उपयोगी पडतो, आणि ज्या टांकीकडे मुलें पाहतच नाहींत ती घरांत हवी कशास? मात्र ती वस्तु धारदार नसावी, तिचा रंग पाण्यांत उतरूं नये, आणि पोहण्याची जागा तिनें अडवूं नये.

आम्हांस स्वतःला आवडतें तें असें: तळाशीं बारीक काळसर वाळू, एका बाजूस पाण्यांत मुरलेलें वांकडें लांकूड, मागें व्हॅलिस्नेरियाचीं लांब पातीं, लांकडावर बांधलेलें जावा फर्न, आणि पुढें मोकळें पाणी. पांढऱ्या शुभ्र खड्यांवर माशांचे रंग फिके पडतात. काळसर तळावर तेच मासे उजळतात. संगमरवरी चुरा व समुद्रांतील शिंपले दिसण्यांत सुंदर, पण ते चुन्याचे असल्यामुळें पाणी जड करितात. दगडाची परीक्षा घरच्या घरीं होते: त्यावर लिंबाचा रस पिळावा, फेंस आला तर त्यांत चुना आहे असें समजावें. दिवा सहा ते आठ तास पुरे. अधिक ठेवल्यास वनस्पतींपेक्षां शेवाळाचेंच फावतें.

मासे कोणते व किती?

येथें आवडीचा खरा कस लागतो. दुकानांत गेलेल्या कुटुंबांतील प्रत्येकास एकेक मासा आवडतो, आणि कोणाचें मन मोडूं नये म्हणून प्रत्येकाचा एकेक घेतला जातो. परंतु पिशवींतून घरीं येते ती जिवांची जुळणी नसून वर्गवारी असते. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. वाढलेला एंजल निऑन टेट्रास गिळतो. निऑनला मऊ पाणी हवें, मोलीला जड. निऑन, झेब्रा यांसारखे मासे कळपानें राहणारे. सहांहून कमी असले तर बावरलेले राहतात. ‘शार्क’ या नांवानें विकला जाणारा तीन इंची मासा पुरा वाढला म्हणजे मीटरभराहून मोठा होतो. गप्पीची एक जोडी आणावी तर महिन्याभरानें बाळंतपणास आरंभ होतो आणि सहा महिन्यांत पिलें वांटण्याची पाळी येते.

संख्येविषयीं ‘एका गॅलनास एक इंच मासा’ असा जुना आडाखा आहे. तो चिमुकल्या माशांपुरता चालतो, मोठ्यांस लागूं पडत नाहीं. दहा इंची मासा एक इंची माशाच्या दसपट लांब खरा, पण त्याच घडणीचा असल्यास दसपट रुंद व दसपट जाडही; म्हणजे देहानें हजारपट. त्याची भूक व घाण त्या मानानेंच असावयाची.

आमचें मत असें कीं, सात जातींच्या चौदा माशांपेक्षां एकाच जातीच्या पंधरा माशांत अधिक शोभा आहे. तीन फुटी टांकींत पंधरा-वीस झेब्रा एका वळणानें फिरूं लागले म्हणजे रंगांच्या जत्रेची आठवणही होत नाहीं. हा आपल्याच देशाचा काटक मासा. १८२२ सालीं हॅमिल्टननें त्याचें वर्णन केलें, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतें. दुकानांत तो सर्वांत स्वस्त मिळतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं, एवढेंच. उलट ‘मिस केरळ’ या नांवानें विकला जाणारा, तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा मासा सह्याद्रीच्या केरळ व कर्नाटकांतील नद्यांतला. २०१३ सालीं त्याच्या कुळास ‘सह्याद्रिया’ असें नांव मिळालें. हौशी लोकांसाठीं त्यास नद्यांतून इतकें धरण्यांत आलें कीं आज तो संकटग्रस्त जातींत गणला जातो. तो घ्यावयाचाच असेल तर पैदास केलेला आहे कीं नदींतून धरलेला, हें आधीं विचारावें, आणि चार फुटांहून लहान टांकींत घालूं नये.

घरांतील व्यवस्था

एकत्र कुटुंबांत माशांस मोठें भय उपासमारीचें नसून प्रेमाचें असतें. सकाळीं आजोबा चिमूटभर खाद्य घालतात, शाळेंत जातांना मुलें घालतात, दुपारीं काकू घालतात, संध्याकाळीं आलेला पाहुणाही घालतो; आणि न खाल्लेलें सर्व तळाशीं कुजतें. म्हणून खाद्याचा डबा एकाच्याच स्वाधीन असावा. दोन मिनिटांत संपेल एवढेंच, दिवसांतून एकदां किंवा दोनदां घालावें. वाढलेल्या निरोगी माशांस आठवड्यांतून एक उपास सहज सोसतो. घरांत एकादशी पाळणारें कोणी असेल तर त्यांच्याच सोबतीनें तो करावा. आठवड्यास चौथाई पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस घातक असल्यानें तें उघड्या बादलींत चोवीस तास ठेवावें, अगर त्यावरील औषधाचे थेंब घालावे. टांकीची बादली व नळी निराळी असावी आणि तिला साबण कधींही लावूं नये.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावयाची आहे. मासा मोठा झाला किंवा हौस फिटली म्हणजे त्यास पुण्यबुद्धीनें नदींत अगर तळ्यांत सोडण्याची चाल पडूं पहात आहे. तें पुण्य नव्हे. शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा परदेशी सकर मासा असाच सुटून आपल्या अनेक जलाशयांत पसरला आहे. २०२३ सालीं काश्मीरच्या दल सरोवरांत अमेरिकेचा मगरतोंड्या गार मासा सांपडला. असे पाहुणे तेथील मूळच्या माशांच्या तोंडचा घास काढून घेतात. नको झालेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसास द्यावा.

दुकानांत क्रम असा असतो: प्रथम टांकी पसंत करावयाची, मग तिची सजावट, आणि उरलेल्या पैशांत मासे. आमची विनंति आहे कीं घरांत हा क्रम उलटा धरावा. सर्वांनीं एकत्र बसून आधीं मासा ठरवावा. तो केवढा होतो, कोणाबरोबर राहतो, कसलें पाणी मागतो, हें समजून घ्यावें. त्या मानानें टांकी घ्यावी. आणि सजावट करावी ती त्यानंतर. एवढें झाल्यावर किल्ला ठेवावा कीं काळा दगड, याविषयीं घरांत खुशाल वाद व्हावा. त्या वादांत कोणाचाही पक्ष जिंकला तरी माशाचें कांहीं बिघडत नाहीं.