जनावरांच्या पाण्याचा हिशेब

कडब्याच्या पेंढ्या मोजून टाकणारे शेतकरी पुष्कळ. परंतु आपलें जनावर दिवसाकाठीं किती पाणी प्यालें, हें सांगूं शकणारा विरळा. वास्तविक दुधाच्या १०० भागांत सुमारें ८७ भाग पाणीच असतें. तेव्हां पाणी तुटलें, कीं पेंड घालूनही दूध आटतें.

मोठ्या जनावरास दररोज साधारण ३० ते ५० लिटर पाणी लागतें. दुभत्या गाईस दर लिटर दुधामागें आणखी ४ ते ५ लिटर द्यावें. हिरव्या वैरणींत तीनचतुर्थांशाच्या आसपास पाणी असतें, वाळल्या कडब्यांत जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून विहिरी आटतात त्याच चैत्र-वैशाखांत जनावरांची तहान सर्वांत मोठी असते.

हिशेब सोपा आहे. १५ लिटरच्या किती बादल्या रित्या झाल्या, तें गोठ्याच्या भिंतीवर कोळशानें लिहावें. शेण घट्ट पडूं लागलें, किंवा मानेची कातडी चिमटींत धरून सोडली असतां लगेच पूर्ववत् झाली नाहीं, तर पाणी कमी पडलें असें समजावें. उन्हाळ्यांत तीन-चार वेळां सावलींत पाजावें व डोण वरचेवर घासून धुवावी.

नांगरटीपूर्वीं प्रत्येकानें निदान आठ दिवस ही नोंद ठेवून पहावी.