कॅनडाची वाट : भाग ७ – लग्नाशिवायचे घर कागदावर

मागच्या भागात विवाहित जोडीदाराला स्पॉन्सर करण्याचे नियम पाहिले. भारतातच संसार मांडलेल्या समलिंगी जोडप्यांना तो मार्ग इथून मिळत नाही, कारण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. कॅनडाच्या स्थलांतर नियमांत मात्र ‘कॉमन-लॉ जोडीदार’ हा विवाहाइतकाच ग्राह्य धरलेला दर्जा आहे. अट एवढीच, की दोघांनी किमान एक वर्ष सलग, दांपत्यासारखे एकत्र राहिलेले असावे. जोडपे समलिंगी आहे की भिन्नलिंगी, याने नियम बदलत नाही. पुरावा गोळा करण्याची अडचण मात्र दोघांची सारखी नसते.

पुण्यात किंवा ठाण्यात एकत्र राहणाऱ्या दोघींनी घरमालकाला ‘मैत्रिणी आहोत’ असे सांगितलेले असते, भाडेकरारावर एकीचेच नाव असते आणि आईवडिलांना काहीच ठाऊक नसते. मग नातेवाइकांची पत्रे आणि समारंभांतले फोटो आणायचे कुठून? इथे कॅनडाचाच कायदा उपयोगी पडतो. १९९९च्या ‘एम. विरुद्ध एच.’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवारा, परस्परांची काळजी, आर्थिक आधार, समाजातली ओळख असे निकष मांडले आणि ते प्रत्येक नात्यात सारख्या प्रमाणात दिसतीलच असे नाही, हेही स्पष्ट केले. म्हणून माझे म्हणणे असे की, समाजाची मान्यता नसणे हा नाते नसल्याचा पुरावा धरता येणार नाही. ती का नाही, हे समजावून सांगता येते. एक वर्ष एकाच पत्त्यावर काढल्याचे मात्र दाखवावेच लागते. छळाच्या भीतीमुळे एकत्र राहताच आले नाही, तर नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद आहे; पण भीती खरी होती हेही सिद्ध करावे लागते.

तेव्हा सगळा जोर पत्त्यावर द्यावा. पुढचा लिव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावाने करून नोंदवावा. जुना करार एकाच्या नावे असेल, तर दुसऱ्याची त्याच पत्त्यावरची बँक स्टेटमेंट, कुरिअरची बिले, पगारपत्रके तारीखवार लावावीत. समलिंगी व्यक्तींना जोडीदारासह संयुक्त खाते उघडण्यास आणि त्याला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केले आहे; त्याचा लाभ घ्यावा. सोबत नात्याचे शपथपूर्वक निवेदन, म्हणजे आयएमएम ५४०९ हा फॉर्म, आणि कुटुंबापासून नाते का लपवले हे सांगणारे साधे, सविस्तर पत्र द्यावे.

अशी समजूत दाखवली तर खोट्या जोडप्यांचे फावेल, असा आक्षेप घेतला जातो. फसवणूक होते हे खरेच आहे, आणि स्थलांतरासाठीच जुळवलेले नाते नियमाने नाकारले जाते. पण समारंभाचे फोटो एका दिवसात तयार करता येतात. वर्षभराची किराणा बिले, घरभाड्याचे निम्मे-निम्मे हप्ते आणि दवाखान्याच्या फायलीवरचे जोडीदाराचे नाव हे सगळे मागाहून जुळवणे फार कठीण. दुसरा प्रश्न असतो : परदेशात जाऊन लग्न का करत नाही? ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे, पण व्हिसा आणि खर्च प्रत्येकाच्या आवाक्यातले नाहीत, आणि लग्नाचा दाखला हाती असला तरी नाते खरे आहे का, हे तपासले जातेच.

सर्वांत मोठा धोका पुराव्याच्या कमतरतेत नाही, लपवालपवीत आहे. घरी कळेल या धास्तीने अर्जात ‘अविवाहित’ लिहिले, तर चुकीच्या माहितीबद्दल पाच वर्षांची बंदी येऊ शकते. शिवाय जोडीदार जाहीर न करता पीआर मिळवला, तर मोजके अपवाद सोडता त्याला पुढे फॅमिली क्लासमधून स्पॉन्सर करता येत नाही. म्हणून घरी सांगायचे की नाही हे तुम्ही ठरवा. अर्जात मात्र जोडीदाराचे नाव पहिल्याच दिवशी लिहा.