बाळंतिणीची खिन्नता

बाळंतीण खिन्न दिसली की अशक्तपणा, दृष्ट, क्वचित श्रद्धेची उणीव, असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेचे डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तो याबाबत अधिक सावध आहे. इस्पितळात आलेल्या २७० गर्भवतींची प्रसूतीनंतरही विचारपूस झाली. सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांस नैराश्याचा विकार आढळला, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणी सहाव्या महिन्यातही बऱ्या झालेल्या नव्हत्या. दारिद्र्य व पतीशी बिघडलेले संबंध यांच्याशी या विकाराचे निकट नाते दिसले. मुलगी जन्मल्यास उपासमार व मारहाण यांचा परिणाम अधिकच तीव्र होई. (केवळ मुलगा झाला तरच पेढे वाटणारी घरे आपल्या मंडळ्यांतही आहेत.)

आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. या आजारी मातांपैकी शेकडा ७८ जणींची मनोव्यथा गरोदरपणीच दिसून आली होती. म्हणजे बाप्तिस्म्याच्या निमित्ताने होणारी आपली भेट उशिराची ठरते. भेट आधी व्हावी, आणि तीही शक्यतो धर्मभगिनीची. कारण पोटभर जेवण मिळते काय, नवरा हात उचलतो काय, हे सासूसमोर विचारता येत नाही.