राणीने नदीचं नाव का बदललं?
रशियाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते पुगाचोव्हचं बंड. सुरुवात याईक नदीकाठच्या कोसॅकांपासून झाली. सीमेची राखण करायची, त्या बदल्यात आपला कारभार आपण बघायचा, ही त्यांची जुनी रीत. सेंट पीटर्सबर्गच्या सरकारने त्यातच हात घातला. कोसॅकांचा १७७२ चा उठाव चिरडला गेला, राग मात्र धुमसत राहिला.

१७७३ मध्ये येमेल्यान पुगाचोव्ह उगवला. सैन्यातून पळालेला, निरक्षर डॉन कोसॅक. म्हणाला, मीच झार तिसरा पीटर! (खरा पीटर १७६२ मध्येच मारला गेला होता.) अंगावरचे जुने व्रण दाखवून या राजखुणा आहेत असं तो सांगे, आणि लोकांना ते पटे. बाश्कीर, कारखान्यांतले वेठबिगार, भूदास त्याला येऊन मिळाले. जुलै १७७४ मध्ये कझान शहर जळलं. महिनाअखेरीस त्याचा जाहीरनामा निघाला: भूदास मुक्त, जमीन-जंगल-मासेमारी फुकट, डोईपट्टी आणि सक्तीची सैन्यभरती बंद. शेतकऱ्याच्या मनातलं इतकं थेट क्वचितच कोणी मांडलं असेल!

शेवटी साथीदारांनीच त्याला पकडून दिलं. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत शिरच्छेद झाला. बंडाची आठवणच नको म्हणून रशियाची राणी कॅथरीनने याईक नदीचं नाव बदलून ‘उरल’ केलं. आजही तेच चालतं.