कथनाचे प्रामाण्य आणि मूल्यसंक्रमण : ‘लीळाचरित्रा’पासून भ्रमणध्वनीपर्यंत

कथा हे मूल्यसंक्रमणाचे प्रभावी साधन आहे, हे मराठी वाङ्मयपरंपरेत गृहीतच धरलेले आहे. कीर्तनातील आख्यान, स्त्रियांच्या व्रतकहाण्या आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) या सर्वांमागे हीच धारणा उभी आहे. मात्र कथेच्या परिणामाची जेवढी चर्चा झाली, तेवढी कथा सांगणाऱ्याच्या उत्तरदायित्वाची झालेली नाही. भ्रमणध्वनीमुळे प्रत्येक वाचक प्रसारकही झाल्याने हा दुसरा प्रश्न आज अधिक निकडीचा बनला आहे. त्याचा विचार करताना आद्य मराठी गद्यातील ‘लीळाचरित्र’ आणि ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथांकडे वळणे उद्बोधक ठरते.

१. साक्षीदारांचे कथन

चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य त्यांच्या आठवणींत रमत असत. त्या आठवणी लिहून ठेवण्याची प्रेरणा म्हाइंभटांना यातूनच मिळाली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या या ग्रंथासाठी त्यांनी अवलंबिलेली पद्धती लक्षणीय आहे. नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकून घेतल्यावर ते तेथे थांबले नाहीत. जी लीळा ज्याच्यासमोर घडली, त्या व्यक्तीला गाठून त्यांनी ती पडताळून घेतली. प्रसंग कोठे घडला, कोण उपस्थित होते, कोणी काय विचारले, हा तपशील म्हणूनच ‘लीळाचरित्रा’त जागोजाग आढळतो.

चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली आणि निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला, असे पंथीय परंपरा सांगते. या पुनर्रचनेत पाठ जुळेनात, तेव्हा एकच पाठ ग्राह्य धरून बाकीचे टाकून देण्याचा सोपा मार्ग संकलकांनी पत्करला नाही. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी पाठभेद नोंदवून ठेवले गेले. श्रद्धेय पुरुषाचे चरित्र लिहितानाही ‘अमुकाचे म्हणणे असे, तमुकाचे तसे’ हे सांगण्याचा संकोच या भक्तांना वाटला नाही, ही मराठी गद्याच्या इतिहासातील मोलाची गोष्ट होय.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. ‘लीळाचरित्रा’त चमत्कार आहेत, ते भक्तांनी भक्तांसाठी रचलेले आहे. त्यामुळे त्यातील प्रत्येक विधान ऐतिहासिक सत्य मानता येणार नाही. परंतु कथनाचे प्रामाण्य आणि कथिताची सत्यता या दोन भिन्न बाबी आहेत. कथनाचा उगम उघड ठेवला, तर कथिताची सत्यता तपासण्याची वाट पुढच्या वाचकासाठी मोकळी राहते.

मूल्याचा प्रत्यय येतो तोही अशा तपशिलातूनच. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या आश्रयाला येतो, तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तेथे अहिंसेची व्याख्या येत नाही. भ्यालेला जीव, त्याची मागणी करणारे पारधी आणि शरण आलेल्याला सोडण्यास नकार देणारा पुरुष एवढेच समोर येते. मूल्य हे त्या नकारातच आहे.

२. कथा आणि तात्पर्य यांची फारकत

केशिराजबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची मांडणी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, तर दार्ष्टांतिक केशिराजबासांचे. कोणी खांबासारखा, कोणी सुपासारखा म्हणून हत्तीचे वर्णन करणाऱ्या जन्मांधांची गोष्ट आधी स्वतंत्रपणे सांगितली जाते. तिचा अन्वय नंतर लावला जातो. मूळ वक्त्याचे शब्द कोठे संपतात आणि संकलकाचे विवरण कोठे सुरू होते, याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहत नाही. तात्पर्य अमान्य करणाऱ्याच्या हातीही कथा शिल्लक राहते.

याच केशिराजबासांनी संस्कृतात विचारणा केली असता नागदेवाचार्यांनी त्यांना मराठीचाच आग्रह धरला, ही ‘स्मृतिस्थळा’तील आठवण सुपरिचित आहे. संस्कृतामुळे साध्याभोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, ही त्यामागील चिंता होती. ऐकणाऱ्याविषयीची ही आस्था प्रामाण्याचेच दुसरे अंग मानावे लागेल.

३. निनावी कथेचे सामर्थ्य

या पार्श्वभूमीवर आजच्या व्यवहाराकडे पाहता विरोध स्पष्ट होतो. कृतज्ञता, मातृप्रेम, कष्टाचे मोल यांवरील कथा भ्रमणध्वनीवर रोज फिरतात. त्यांना स्थळ नसते, काळ नसतो, साक्षीदार नसतो. क्वचित एखाद्या नामवंत लेखकाचे नाव त्याच्या अपरोक्ष चिकटवलेले असते. हेतू चांगला असल्यावर उगमाची चौकशी कशाला, असा युक्तिवाद यावर केला जातो. परंतु उगम न विचारण्याची सवय चांगल्या कथेपुरती सीमित राहत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांची हत्या केली. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षेसाठी गावोगाव फिरणारे लोक होते. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वदूर पसरत होत्या. लेकरांच्या रक्षणाची भावना हे मूल्यच होते. त्याला चेतवणारी कथा मात्र कोणीच पाहिलेली नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. मजकूर दुसरीकडून आला आहे एवढे ती खूण सांगते. तो कोणाचा, हे सांगत नाही. म्हाइंभटांचा शोध नेमका या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू झाला होता.

४. समारोप

महानुभाव ग्रंथ दीर्घकाळ सांकेतिक लिपीत, पंथापुरते बंदिस्त राहिले, हे विसरता येत नाही. त्या तुलनेत आजचे माध्यम सर्वांना खुले आहे, ही त्याची जमेची बाजू. म्हणून जुन्या पद्धतीकडून घ्यायचे ते तिचे मर्म : सांगणाऱ्याचे नाव, प्रसंगाचे स्थळ, पाठभेदाची नोंद आणि कथेपासून वेगळे ठेवलेले तात्पर्य. ‘लीळाचरित्र’ पदव्युत्तर वर्गात बहुधा भाषिक रूपांसाठी आणि यादवकालीन समाजदर्शनासाठी शिकविले जाते. कथनाच्या नीतीचा पाठ म्हणूनही ते शिकविले गेले, तर हाती आलेली गोष्ट पुढे पाठविण्यापूर्वी ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारणारा वाचक घडू शकेल.