एकाच टप्प्याचा अग्निबाण

अग्निबाणाचें प्रत्येक उड्डाण म्हणजे मोठा अपव्यय, असें पुष्कळ वर्षें मानलें जात होतें. आणि तें खरेंहि होतें. अनेक वर्षें खपून बांधलेलें यंत्र एकदांच उडावें, त्याचे तुकडे समुद्रांत पडावेत, आणि पुढच्या खेपेस पुन्हां नवें यंत्र उभारावें! प्रत्येक प्रवासानंतर आगगाडीचें इंजिन दरींत लोटून देण्यासारखाच हा प्रकार. साहजिकच शास्त्रज्ञांच्या मनांत असा विचार आला कीं, सबंध अग्निबाण कांहींहि न टाकतां कक्षेंत पोहोंचावा, आणि काम आटोपल्यावर आपल्याच ज्वाळेवर तोल सांवरीत परत भूमीवर उतरावा. हें साधण्याजोगें आहे काय?

या प्रश्नाचा निकाल लावणारें गणित रशियांतील एका शाळामास्तरानें १९०३ सालीं प्रसिद्ध केलें. त्याचें नांव कॉन्स्टंटिन त्सिओलकोव्स्की. लहानपणीं आजारानें त्याचे कान गेले व शाळाहि सुटली. जें शिकला तें बहुतेक ग्रंथालयांत बसून. त्याचें सूत्र थोडक्यांत असें: इंधन जाळतां जाळतां अग्निबाणाचें वजन सुमारें २.७ पटींनीं घटलें, कीं त्याचा वेग मागून निघणाऱ्या झोताच्या वेगाइतका वाढतो. आणखी तितक्याच पटींनीं घटलें, कीं आणखी तितकाच वाढतो.

आतां आंकडे घालून पाहावे. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेंत फिरत राहण्यास सेकंदाला सुमारें ७.८ किलोमीटर वेग लागतो. परंतु वर चढतांना गुरुत्वाकर्षण व हवेचा अडथळा आपला वांटा घेतात. तो धरून ९.३ किलोमीटरांची तरतूद करावी लागते. द्रवरूप हायड्रोजन आणि प्राणवायु या उत्तम जोडीचा झोत सेकंदाला ४.४ किलोमीटरांच्या आसपास निघतो. म्हणजे २.७ पटींची घट दोनदां, आणि वर थोडी अधिक. गुणाकार केला असतां आठाच्या थोडा पुढें जातो. शंभर किलोंचा अग्निबाण निघाला तर कक्षेंत पोहोंचेल तो अवघा बारा किलोंचा. बाकीचें अठ्ठ्यांशी किलो इंधन जळून गेलेलें असेल. घासलेट वापरल्यास हे बारा सहांवर येतात.

कोंबडीच्या अंड्यांत कवचाचें वजन साधारण एक दशांश भरतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या बारा किलोंची मर्यादा समजेल. इतक्या वजनांत टाक्या, इंजिनें, उष्णतेपासून बचावणारें आवरण, उतरण्याचे पाय आणि उतरण्यापुरतें राखलेलें इंधन बसवावयाचें. आणि या सर्वांतून उरेल तो माल. समजा दोन किलो उरले. कारागिरांचा अंदाज दोन किलोंनीं चुकला, कीं अग्निबाण कक्षेंत रिकामाच जाणार! शिवाय हायड्रोजन पाण्याच्या चौदाव्या हिश्श्याइतकाच जड असल्यानें त्याची टाकी अवाढव्य लागते. घासलेटाची टाकी लहान, पण झोत मंद. एकीकडे मिळवावें तें दुसरीकडे जातें.

परतीची वाट आणखी निराळी. कक्षेंतील प्रत्येक किलो वजनांत इतकी गतिशक्ति साठलेली असते, कीं तिनें दहा-अकरा किलो पाण्याची वाफ व्हावी. ती सर्व वातावरणांत उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. मात्र हवेसारखा फुकटचा ब्रेक दुसरा नाहीं. तिनें आपलें काम केलें, कीं शेवटचा वेग मारण्यास इंधन थोडेंच लागतें. पण तेंहि मालाच्याच वजनांतून कापलें जातें.

निदान उतरण्याचा भाग तरी साधतो हें अमेरिकेंत १८ ऑगस्ट १९९३ रोजीं दिसलें. न्यू मेक्सिकोंतील व्हाइट सँड्स येथें डीसी-एक्स नांवाचा, बारा मीटर उंचीचा शंकूसारखा अग्निबाण वर गेला, अधांतरीं थांबला, बाजूस सरकला आणि चार पायांवर उभा उतरला. कक्षेंत जाण्याइतका तो हलका नव्हता. तो केवळ लहान आकाराचा नमुना होता. जून १९९४ मध्यें उड्डाणाच्या वेळीं स्फोट होऊन त्याचें बाहेरचें कवच फाटलें, तरीहि तो सुखरूप उतरला. जून १९९६ मध्यें दोन उड्डाणें सुमारें सव्वीस तासांच्या अंतरानें झालीं. पुढच्याच महिन्यांत, ३१ जुलै रोजीं, तो नेहमीप्रमाणें खालीं आला. पण चारांपैकीं एक पाय उघडलाच नाहीं. जमिनीस टेंकतांच तो कलंडला, टाकी फुटली, आणि सर्व जळून गेलें. पाय मोकळा करणाऱ्या वायूची एक नळी जोडावयाची राहिली होती! गणित, इंजिन, यांत्रिक मेंदू सर्व बिनचूक. चूक झाली ती मनुष्याच्या हातून.

त्यापुढील प्रयत्न एक्स-३३ हा. त्याची हायड्रोजनची टाकी हलकी व्हावी म्हणून धातूऐवजीं कार्बनतंतूंच्या थरांची, आंत मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेली केली. नोव्हेंबर १९९९ मधील चाचणींत उणें २५३ अंशांचा हायड्रोजन भरला गेला आणि थर सुटले. २००१ सालीं तें काम बंद झालें. तो अग्निबाण एकदांहि उडाला नाहीं. बारा किलोंचा हिशेब अडतो तो असा.

म्हणून व्यवहारी मंडळींनीं दोन टप्प्यांची वाट धरली. २१ डिसेंबर २०१५ रोजीं फ्लोरिडांत फाल्कन-९ चा खालचा टप्पा वरच्यास पुढें पाठवून परत येऊन उभा राहिला. या टप्प्याला कक्षेचा वेग गांठावा लागत नाहीं, म्हणून त्याला ताप कमी, आणि पायांचें वजनहि कक्षेपर्यंत वाहावें लागत नाहीं. वरचा टप्पा मात्र त्यांत गमवावा लागतो. एकाच टप्प्यानें पृथ्वीच्या कक्षेंत माल पोंचवून अखंड परत उतरलेला अग्निबाण अद्यापि एकहि नाहीं.

चंद्रावर हीच गोष्ट सोपी आहे. तेथें हवा नाहीं, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकें, आणि कक्षेस सेकंदाला पावणेदोन किलोमीटरांहून कमी वेग पुरतो. १९६९ ते १९७२ या काळांत सहा वेळां माणसें तेथून उठलीं तीं एकाच टप्प्याच्या यानांतून, आणि त्या यानाच्या वजनांत इंधन होतें निम्मेंच.